तोंडची हवा

"काढ ती हवा," बापूसाहेब म्हणाले.

ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. चेंडू त्यांनी बुटाच्या टोकाने माझ्याकडे ढकलला आणि हात मागे बांधून उभे राहिले. देवासचं मैदान, टेकडीच्या पायथ्याचं. समोर धारचा संघ तयार. कडेला खुर्च्यांवर दरबारी मंडळी, त्यांच्यामागे निम्मं गाव. अंतिम सामना होता आणि आमच्या संघाचा चेंडू मी तोंडाने फुगवला होता. हा माझा गुन्हा.

पंप बिघडला होता. त्या काळी चामड्याच्या चेंडूत रबरी ब्लॅडर असायचा, त्याला एक नळी. पंप नसला की नळी तोंडात धरून फुंकायचं, गाठ मारायची, नळी आत दडपायची आणि वरून चामड्याची वादी आवळायची. सगळीकडे असंच करतात. मीही केलं. शाबासकी मिळेल असंही वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

मी खाली बसलो. वादी सोडली, नळी ओढली, गाठ सोडली. माझाच श्वास फुस्स करून माझ्या तोंडावर आला. एवढ्या लोकांसमोर. खुर्च्यांवरचे लोक मान वळवून दुसरीकडे बघत होते, जणू मी तिथे काही घाण काम करत होतो.

आम्ही चांभार. पवारांच्या फौजेबरोबर आमचे लोक दख्खनेतून इकडे आले. खोगिरं, लगाम, पखाली, जोडे, सगळं आमच्या हातचं. देवासात गाद्या दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याची एक बाजू यांची, दुसरी त्यांची. भांडणं पिढ्यान्‌पिढ्यांची. पण आम्हाला कुठे उभं करायचं याबद्दल दोघांचं कधी दुमत झालं नाही. संस्थानं विलीन झाली तरी ती जागा तशीच राहिली.

क्लबाचा चेंडू उसवला की माझ्या वडिलांकडे, आबांकडे यायचा. शिवून झाला की मी पोचवायला जायचो. जाता जाता लाथ मारायचो. भिंतीवर मारायचो, झाडावर मारायचो. एकदा क्लबात एक गडी कमी पडला आणि बापूसाहेबांनी मला उतरवलं. बापूसाहेब म्हणजे जुन्या कारभाऱ्यांचे चिरंजीव, संघाचे कप्तान. त्या दिवशी मी गोल केला. मग माझी जागा कायम झाली. सेंटर फॉरवर्ड.

खेळात अंगाला अंग घासायचं. घाम घामात मिसळायचा. त्याचा विटाळ नव्हता. शिट्टी वाजली की विटाळ सुरू. दुसऱ्या कोणी गोल केला की सगळे त्याच्या गळ्यात पडायचे. मी केला की माना डोलवायचे आणि मैदानाच्या मध्याकडे चालू लागायचे. मी एकटा गोलासमोर उभा. सुरुवातीला वाटायचं, घाई असेल. मी हात थोडे उघडून उभाही राहिलो आहे एकदोनदा. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

तर ब्लॅडर गवतात चपटा पडला होता. आता तो फुगवायचा कोणी?

आधी पाण्याने धुतला. मग राखेने. नळी तोंडात धरायला कोणी पुढे येईना. आमचा लेफ्ट हाफ जोशी म्हणाला, "मेरे से नी होगा, भिया. आज एकादशी आहे." दुसऱ्याचा दात दुखत होता. तिसऱ्याला आईने शपथ घातली होती. मग खुर्च्यांवरचे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले की त्यांच्या देवघरात नेमावरहून आणलेलं नर्मदेचं पाणी आहे. माणूस धावला. गडू आला. चेंडूच्या ब्लॅडरवर नर्मदाजल शिंपडलं. मंत्रही पुटपुटले. आणि तरी कोणी तोंड लावेना.

धारचा गोलकीपर सलीम, कापड रंगवणाऱ्यांच्या घरातला, निळ्या बोटांचा माणूस. तो कंटाळून पुढे आला. "लाओ भिया, मैं फुला देता हूं. शाम हो जाएगी ऐसे तो."

बापूसाहेबांनी हात आडवा केला. सलीमचंही तोंड चालत नव्हतं.

तेव्हा मला हसू आलं.

आवरलं नाही. पोटातून आलं. एवढी शिकलेली, चांगल्या घरची माणसं एका रबराच्या पिशवीभोवती कोंडाळं करून उभी होती आणि कोणाची फुंकायची छाती होत नव्हती. चामडं आमचं चाललं, टाके आमचे चालले, त्यावर डोकं आपटून गोल केलेले चालले. हवा चालत नव्हती. लहानपणापासून मला वाटायचं, या लोकांना काहीतरी कळतं जे आपल्याला कळत नाही. काहीतरी खोल असेल. त्या दिवशी दिसलं, खोल काही नाही. सगळं त्या ब्लॅडरइतकंच पोकळ. मी हसत राहिलो. मैदानात दुसरा आवाज नव्हता.

शेवटी सायकलवाल्याला घरून उठवून आणला, त्याच्या पंपाने हवा भरली. सामना झाला. मी दोन गोल केले. आम्ही जिंकलो.

इंदूरच्या एका मिलचा माणूस सामना बघायला आला होता. मिलचे संघ तेव्हा खेळाडूंना नोकरीवर घेत. रोज दुपारनंतर सराव, बाकी वेळ खात्यात हलकं काम. मला दुसरं काही नको होतं. मी झोपेत त्या मिलचा भोंगा ऐकायचो. तो माणूस बापूसाहेबांना म्हणाला, "ये लड़का हमको दे दो. आपके मुंह का शब्द चाहिए बस."

बापूसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्या सकाळी क्लबात ये. सगळ्यांसमोर हात जोड आणि म्हण, हसलो ती चूक झाली. मग मी शब्द टाकतो."

हवेबद्दल त्यांनी काही म्हटलं नाही. हवा धुऊन झाली होती. हसू धुता येत नव्हतं.

घरी आबांना सांगितलं. आबांनी हातातलं दाभण खाली ठेवलं.

"हसलास कशाला रे? आपलं हसणं त्यांना सोसत नाही."

"आलं हसू."

"मग माग माफी. हात जोडल्यानं झिजतात का हात? मी जन्मभर जोडले. पोटापुढे कसली आलीय अकड?"

मी आबांचे हात बघितले. झिजले होते. हे मी त्यांना म्हणालो नाही. त्यांनी माझ्यासाठीच जोडले होते.

सकाळी क्लबात गेलो. ओसरीवर सगळे बसलेले. हातात कपबशा. मिलचा माणूसही होता. मी पायरीखाली उभा राहिलो, तिथपर्यंतच माझी हद्द.

"बोल," बापूसाहेब म्हणाले.

मिल दिसत होती. आबा दिसत होते. दोन्ही हात छातीपर्यंत आलेही होते. मग मी जोशीकडे बघितलं. तो कप ओठाला लावून थांबला होता, मजा बघायला. त्याच्या दोन चुकांवर मी आदल्या दिवशी पांघरूण घातलं होतं.

हात खाली घेतले.

"मला हसू आलं होतं ते खरं होतं, बापूसाहेब. माफी खोटी होईल. ती मी मागणार नाही."

जर्सी घडी करून आणली होती. ती पायरीवर ठेवली आणि निघालो. मागून कोणी हाक मारली नाही. वाटलं होतं, निदान मिलचा माणूस मारेल. त्याला बशीतला चहा संपवायचा होता.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. क्लबाची शिवण आबांकडे यायची बंद झाली. मग बाकीच्यांचे जोडेही. आबा माझ्याशी कामापुरतं बोलत. वस्तीतले म्हणत, शहाणा झाला, आता खा शहाणपण. संध्याकाळी मैदानावरून आरोळ्या ऐकू यायच्या आणि मी घरामागे चिंध्यांचा चेंडू भिंतीवर मारत बसायचो. कधी कधी रडायचोही. मी बरोबर होतो हे मला माहीत होतं. पण बरोबर असलेल्या माणसाशी बोलायलाही कोणीतरी लागतं.

सलीमने प्रवासी मोटारीच्या ड्रायव्हरहाती निरोप पाठवला. धारला ये. गेलो. बाजारातल्या लोकांचा संघ होता. मी आलो म्हणून दोघे सोडून गेले, हेही सांगितलं पाहिजे. दिवसा जोडे शिवायचो, संध्याकाळी खेळायचो, एका खोलीत एकटा राहायचो. सरदारपूर, बागली, जिथे स्पर्धा तिथे जायचो. गोल करायचो. मिल मिळाली नाही ती नाहीच. पुढे तिथे जो फॉरवर्ड घेतला त्याचा खेळ मी पाहिला आहे. मी त्याच्याहून चांगला होतो.

मग दिल्लीत कायदा झाला. अस्पृश्यता संपली असं छापून आलं. आणि एका सामन्यानंतर धारच्या मैदानावर बापूसाहेब स्वतः मला भेटायला आले. केस पांढरे व्हायला लागले होते. संघ सलग हरत होता.

"झालं गेलं सोडून दे," ते म्हणाले. "परत ये. आता चहासुद्धा सगळ्यांबरोबर घेशील. मी बोललो आहे सगळ्यांशी."

"कायदा झाला नसता तर आला असता, बापूसाहेब?"

त्यांनी हात मागे बांधले. मग म्हणाले, "तुला गावाचा अभिमान नाही का रे?"

"आहे. म्हणून दरवर्षी येणार. धारकडून."

ते गेले. मी मैदानावर थांबलो. देवासवर गोल करताना मला आनंद होत नाही. माझं गाव आहे ते, आबा तिथे आहेत. तरी करणार. त्यांच्या चहाने माझं भागत नाही. हात जोडायची पाळी आता त्यांची आहे, देवासच्या मैदानात, निम्म्या गावासमोर, माझं नाव घेऊन. तोवर, पाय चालताहेत तेवढे दिवस, मी त्यांच्याविरुद्धच खेळणार.