गच्चीवरचा मांडव

आमचे हे प्रभूघरी गेल्यापासून मला भीतीची सवयच लागली होती. जुळे सोलापुरातलं आमचं जोडबंगल्यातलं लहानसं घर. पुढच्या दाराला लॅच, दोन कड्या, एक बोल्ट आणि त्याबाहेर लोखंडी जाळीचं दार. चोराने एवढं सगळं फोडलंच असतं, तर बिचाऱ्याला माझा जुना मिक्सर घेऊन परत जावं लागलं असतं. हे मला कळत नव्हतं असं नाही. तरी अंथरुणातून उठून मी कड्या पुन्हा चाचपून यायचे. 'प्रभू, तूच माझा आसरा' अशी प्रार्थना करायची आणि आमेन म्हटल्याबरोबर परत दाराकडे जायचं. पुण्याच्या मुलाला माझ्या आवाजावरून सगळं कळत होतं. "आई, नाताळापर्यंत बघू. तुझी झोप अशीच उडालेली राहिली तर घर विकायचं आणि तू इकडे यायचंस," असं त्याने सांगून टाकलं. त्याचं काही चुकत नव्हतं. पण माझी चर्चची मंडळी इथे, यांची कबर इथे, जन्मभर शिकवलं ती शाळा इथे. मला हे घर सोडायचं नव्हतं आणि या घरात डोळ्याला डोळा लागत नव्हता.

अशातच चर्चच्या भगिनी मंडळात बायबलातल्या मंडपांच्या सणावर बोलायची पाळी माझ्यावर आली. इस्राएल लोक मिसरातून सुटून रानोमाळ फिरले, तेव्हा देवाने त्यांना झोपड्यांत सांभाळलं. त्याची आठवण म्हणून दरवर्षी पीक घरात आलं की सात दिवस डहाळ्यांच्या मांडवात राहायचं. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण या वेळी मी तिथेच अडले. संरक्षणाची आठवण ठेवायची, तर काहीतरी भक्कम उभारावं ना? तट, बुरूज, निदान एखादी भिंत? आणि देव म्हणतो, चांगलं घर आहे ना तुला, मग त्यातून बाहेर ये आणि पाल्याखाली बस. मी निवृत्त मास्तरीण. प्रश्न सुटेपर्यंत मला जेवण गोड लागत नाही. पाळकसाहेबांना विचारलं, तर ते हसून म्हणाले, "बसून बघा की एकदा." त्यांनी गमतीने म्हटलं असेल, मी मनावर घेतलं. बायबलात नहेम्याच्या काळी लोकांनी आपापल्या धाब्यांवर मांडव घातले होते. धाबं नसलं तरी मला गच्ची होतीच.

बांबू, नारळाच्या झावळ्या आणि लिंबाच्या डहाळ्या आणवल्या. रिक्षावाल्यानेच वर चढून सुतळीने सगळं बांधून दिलं. आमची गच्ची आणि शेजारच्या पारूबाईंची गच्ची यांच्यामध्ये गुडघ्याएवढा कठडा आहे. पारूबाई मूळच्या सांगोल्याकडच्या, धनगराच्या घरातल्या. मुलाच्या नोकरीमुळे इकडे आलेल्या. इतकी वर्षं आमचं बोलणं 'नळाला पाणी आलं का' याच्यापुढे फारसं गेलं नव्हतं. त्या दिवशी त्या भुईमुगाच्या शेंगा वाळत घालत होत्या. मांडव बघून म्हणाल्या, "लगीन काढलंसा व्हय घरात?"

मी सण समजावून सांगितला. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "म्हंजी पालच की वो बाई. आमी बारकी हुतो तवा मेंढरांमागं पालातच ऱ्हायचो."

"भीती नाही वाटायची?"

"भ्या कशाचं? दार नव्हतं, पन कोन ना कोन जागं असायचं की."

मला ते फार आवडलं. भाषणात घालायचं ठरवलं आणि खाली येऊन नेहमीप्रमाणे सगळ्या कड्या लावल्या.

सण सुरू झाला त्या दिवशी कोजागरी होती. दोन्ही सण एकाच पौर्णिमेला आलेले बघून मला मोठं नवल वाटलं. पारूबाईंनी कठड्यावरून मसाला दूध दिलं. झावळ्यांच्या फटींतून चांदणं माझ्या मांडीवर पडत होतं आणि मी मनात म्हणत होते, प्रभू, याला छप्पर म्हणायचं का रे?

एक-दोन दिवसांनी सकाळी डायबेटिसची गोळी घेतली आणि बायबल घेऊन वर गेले. पोहे झाकून ठेवले होते, ते प्रश्नाच्या नादात तसेच राहिले. ऊन चढलं. हातांना कंप सुटला, घाम फुटला, समोरची अक्षरं एकमेकांत मिसळली. हाक मारावी असं वाटलं, पण जीभ उचलेना. पुढचं मला आठवत नाही.

शुद्ध आली तेव्हा तोंडात साखरेचं पाणी होतं आणि डोकं पारूबाईंच्या मांडीवर. त्या शेंगा उलथायला वर आल्या होत्या. "वाचत बसलासा आसं वाटलं. मग पाल्यातनं बघितलं तर चष्मा खाली पडलेला आन् मान कलंडलेली," त्या म्हणाल्या. कठडा ओलांडून त्या आत आल्या, सुनेला हाक मारून साखरपाणी करायला लावलं. दवाखान्यात न्यायला रिक्षा दाराशी आली, तेव्हा सून माझ्या जिन्याने खाली जाऊन माझ्याच कड्या-बोल्टांशी बराच वेळ झगडत होती म्हणे. डॉक्टर म्हणाले, वेळेवर कळलं म्हणून बरं.

संध्याकाळी मला घरी आणलं, तोवर मुलगा पुण्याहून आला. माझा हात हातात धरला आणि एकदम रागावला. "आई, तू खाली असतीस तर? सगळं आतून लावून? कुणाला कळलं असतं?" त्याला म्हणायचं होतं, आता तरी पुण्याला चल. मी मात्र त्या वाक्यापाशीच थांबले. खाली असते तर. ज्या दाराला मी माझं संरक्षण मानत होते, त्याच दाराआड मी एकटी पडून राहिले असते. आणि ज्याला मी छप्पर म्हणायला तयार नव्हते, त्याच्या फटींतून मी कुणाला तरी दिसले. आपला राखणदार झोप घेत नाही, डुलकीही घेत नाही, असं स्तोत्रात आहे. मी ते तोंडपाठ म्हणायचे आणि मग स्वतःच राखण करत बसायचे. मला रडू आलं, दुःखाचं नव्हे.

मी मुलाला म्हटलं, "स्क्रू ड्रायव्हर आण. या कड्या आणि बोल्ट काढ. नुसता लॅच राहू दे, बाहेरून किल्लीने उघडेल असा." त्याने माझ्याकडे बघितलं आणि तो कामाला लागला. पाळकसाहेबांच्या भाषेत याला समर्पण म्हणतात. मला त्या वेळी फक्त हात हलके झाल्यासारखं वाटलं. लॅचची आणि जाळीच्या दाराची अशा दोन किल्ल्या मी पारूबाईंना दिल्या. त्यांनी त्या आपल्या देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवल्या, बिरोबाच्या फोटोखाली.

भगिनी मंडळात एका बहिणीने विचारलं, यात चमत्कार कोणता? शेंगा वाळवायला बाई गच्चीवर येतातच. मला एवढंच माहीत आहे की त्या आठवड्यात देवाने मला घराबाहेर बसवलं होतं. नाताळला मुलगा नातवंडांना घेऊन इकडेच आला. घर विकायचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

मांडव केव्हाच उतरवला. मला आता झोप लागते. रोज सकाळी कठड्यापलीकडून हाक येते, "बाई, उठलासा का?" आणि मीही आता त्यांच्यासारखंच म्हणते, "व्हय."