लादीन, अर्धा मिनिट उशिरा

माझी आई पडली ती शिमग्याच्या आधी, न्हाणीघराच्या उंबऱ्यावर. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळी बसली, आणि डॉक्टरांनी बजावलं की पावसाळा लागेपर्यंत पायरी चढायची नाही, उतरायची नाही. आमच्या घरातून रस्त्यावर जायला चिऱ्याच्या चव्वेचाळीस पायऱ्या उतराव्या लागतात. त्या जिथे संपतात तिथे आमच्या वाडीचा खुरीस, म्हणजे क्रूस आहे, आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्या खुरसाकडे लादीन असते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. लादीन म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांची गाऊन म्हणायची प्रार्थना. एकजण पुढे उभं राहून ओळ उचलतं, मागचे सगळे मिळून जबाब देतात. ओळ दर वेळी नवी, जबाब एकच: आमच्यासाठी मागणं कर. मुंबईकर आलेले असतात, खुरसाला अबोलीच्या माळा असतात, आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात, खोबऱ्याच्या कातळ्या घालून. ओळ उचलण्याचं काम गेली चाळीस वर्षं माझ्या आईचं. त्याआधी तिच्या सासूचं होतं. चाल जुनी आहे, कुठे लिहिलेली नाही, आणि आईखेरीज आता ती पुरती कुणाला येत नाही.

मी मागे उभी राहून चणे वाटते. जबाब देत नाही. वडील आजारी होते तेव्हा मी तीन महिने रोज संध्याकाळी त्या खुरसापुढे गुडघे टेकले होते. ते गेले. पुढच्या मे महिन्यात सगळे जबाब देत होते आणि माझं तोंड उघडेना. मग ते उघडलंच नाही. नऊ वर्षं झाली. आईने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. एरवी माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, शाळेतली तीन दशकांची पोरं याला साक्ष आहेत. हा एक राग मात्र मी गिळून बसले होते.

वाडीतल्या माणसांनी सुचवलं, म्हातारीला खुर्चीत बसवून चौघं खाली नेऊ. आई अंथरुणातूनच कडाडली, "खुर्चेर बसवन माका मिरवू नकात. उचलून न्हेवचो दिवस अजून येवचो आसा." मग कुणी म्हणालं, यंदा दुसरी कोणीतरी ओळ उचलेल. ती माणसं गेल्यावर आई मला म्हणाली, "उचलूंदेत. एकदा चुकला म्हणजे मगे कायमचा चुकला. माझा काम संपला." त्या दिवसापासून तिचं जेवणावरचं मन उडालं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला ती "उद्या ये गो" म्हणून परत पाठवायला लागली. डॉक्टरांनी जे चालायला सांगितलं होतं तेही ती चालेना, आणि मला कळून चुकलं की लादीन गेली तर ही बाई पुन्हा उभी राहायची नाही.

अशात वरच्या वाडीतली सून ओल्या काजूगरांची वाटी घेऊन आली. त्यांची काजूआंब्याची बाग आमच्या घराच्या वर आहे. ही मुलगी लग्नाआधी पुण्यात नोकरीला होती, आता इथून घरबसल्या तेच काम करते. कुठल्याशा कंपनीचे वर्ग ऑनलाइन चालतात, त्यांचा आवाज आणि चित्र न तुटता लोकांपर्यंत पोचवणं हे तिचं काम. त्यासाठी तिने कट्टा गावातून घरापर्यंत केबल ओढून घेतली आहे. आईची हकिगत ऐकून ती म्हणाली, "मावशी, तुम्ही हयसूनच उचला. तुमचो आवाज मी खाली न्हेतंय."

आई उठून बसली. नुसत्या या वाक्यावर.

मला वाटलं, त्यात काय मोठंसं, व्हिडिओ कॉल करायचा. नात्यातले सगळे आखातात आणि कॅनडात, रोजचं आहे आमचं. दोन दिवस आधी तालीम केली. फोन आईसमोर धरला, दुसरा फोन खाली खुरसाकडे शेजारणींच्या हातात. आईने पहिली ओळ उचलली. खालून काहीच आलं नाही. ती क्षणभर थांबली आणि तिने दुसरी उचलली, तेवढ्यात पहिल्या ओळीचा जबाब येऊन तिच्या दुसऱ्या ओळीवर आदळला. ती गप्प झाली, त्यापण गप्प झाल्या. मग दोन्हीकडून एकदम सुरू झालं, आणि फोनने दोघींचेही आवाज गिळले. आई फोनवर ओरडली, "गो, झोपलात काय तुम्ही?" खालून उत्तर आलं, तेही उशिराच, "तुमीच घाई करतात गो!" चार ओळींनंतर आईने फोन उलटा ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी तावातावाने वर गेले आणि त्या सुनेला म्हटलं, तुझ्या त्या इंटरनेटला काय धाड भरली आहे? ती हसली. अंगणात भाताच्या पेंढ्यावर बसवून तिने मला जे समजावलं, ते मी त्या दिवशी घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं. शिक्षकाची खोड.

आवाज इथून निघाला की तिथे लगेच पोचत नाही. त्याचे तुकडे होतात, तुकडे वाटेने जातात, तिकडे पुन्हा जुळतात. त्यात जो वेळ जातो त्याला ते लोक लेटन्सी म्हणतात. कॉलमध्ये तो वेळ अगदी थोडा असतो, बोलताना कळतही नाही. पण गाण्यात अर्धा सेकंदही खूप होतो. शिवाय फोनला वाटतं की एका वेळी एकच माणूस बोलणार, म्हणून तो एकाचा आवाज चढला की दुसऱ्याचा दाबतो. जमावाचा जबाब त्याला गोंगाट वाटतो. "तेका काय ठावक लादीन," ती म्हणाली.

"मगे?"

"मगे कॉल नको. स्ट्रीम करूया."

स्ट्रीम म्हणजे एकाच दिशेने जाणारा प्रवाह. आईच्या खोलीतून आवाज निघेल आणि खाली, बहारीनला, टोरंटोला, सगळीकडे पोचेल. तिकडून काही परत येणार नाही. आपल्याकडून पाठवायचं ते अपलोड, त्यांनी घ्यायचं ते डाउनलोड. तिच्या केबलची तार माडावरून आमच्या घरापर्यंत ओढली की पाठवण्याची सोय झाली. खुरसाकडे मात्र दोन टेकड्यांच्या बेचक्यात मोबाइलच्या रेंजची एकच काडी येते. तिथे आवाज तुटायचा. त्यावर तिने उपाय सांगितला तो बफरचा.

"बाई, तुमच्या बावीकडे दोण आसा ना?" तिने विचारलं. आहे. विहिरीच्या काठावर दगडाची दोण आहे, पंप तीत पाणी टाकतो आणि दोणीतून पाटाने ते माडांना जातं. पंप मधेच बंद पडला तरी दोणीत पाणी आहे तोवर पाट वाहत राहतो. "बफर म्हणजे ती दोण. आवाज आधी थंय साठतलो, मगे वाजतलो. दोण मोठी केली काय उशीर जास्त होतलो, पण तुटाचो नाय. मी अर्ध्या मिनटाची दोण ठेवतंय." आणि आपण फोनवर ते गोल गोल फिरणारं चक्र बघत शिव्या घालतो, ते दोण रिकामी झाल्याचं लक्षण, हेही मला तेव्हा कळलं.

तीस वर्षं मी उशिरा आलेल्या पोरांना वर्गाबाहेर उभं केलं. ही मुलगी मला सांगत होती की मुद्दाम उशीर करू, म्हणजे सगळं धड पोचेल. मला ते पटायला वेळ लागला.

पण एक अडचण राहिलीच. आईला खालचा जबाब ऐकू येणार नाही. मग ती पुढची ओळ उचलणार कधी? मोजून थांब म्हटलं तर ती थांबणारी नव्हे. जबाब कानावर पडल्याशिवाय तिच्या गळ्यातून पुढची ओळ निघत नाही, चाळीस वर्षांची सवय आहे. आम्ही दोघी खाली आलो तेव्हा आईसमोरच ती मुलगी म्हणाली, "मावशींच्या म्होरे बसान जबाब देवक एक माणूस व्हया. एकच. तो जबाबय स्ट्रीममधसून जातलो, खालची माणसां तेच्याबरोबर म्हणतली. मगे उशीर कितीय होवंदे, बिघडाचा नाय. पण आवाज मोठो व्हयो." आणि तिने सहज माझ्याकडे पाहिलं. तिला काय माहीत होतं?

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. छपराकडे बघत म्हणाली, "ता म्हणाचा नाय. नऊ वर्षां झाली."

म्हणजे तिने मोजली होती. दर वर्षी मे महिन्यात, पाठीमागच्या शंभर आवाजांत, माझा नाही हे तिला कळत होतं. मला वाटायचं, जमावात कोण बघतंय. मला तिची इतकी लाज वाटली, आणि स्वतःचा इतका राग आला, की मी फणकाऱ्याने म्हणाले, "म्हणतंय. कोण म्हणता म्हणाचंय नाय म्हणून?"

आईने फक्त "बरा" म्हटलं. संध्याकाळी मात्र भात मागून घेतला.

लादिनीच्या दिवशी त्या मुलीने खोलीचा ताबा घेतला. चपला दाराबाहेर काढून आत आली, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. खालच्या स्पीकरचा आवाज वर येऊन पुन्हा माइकमध्ये शिरला तर तो अर्ध्या मिनिटाने परत खाली जाईल आणि नुसता गोंधळ माजेल, म्हणून मे महिन्यात आम्ही तिघी बंद खोलीत घामाघूम बसलो. तिचा नवरा स्पीकर घेऊन खाली खुरसाकडे उभा होता. बाकीच्यांना लिंक गेली होती. आईने चांगली साडी नेसवून घेतली होती, अंथरुणातच. मी तिच्यासमोर स्टुलावर बसले. आमच्या दोघींच्या मधे हातभर अंतर आणि एक माइक.

आईने ओळ उचलली. माझी पाळी आली आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो गंजलेल्या रहाटासारखा. शब्द आले, सूर कुठे गेला देव जाणे. आईने डोळे मिटून घेतले आणि दुसरी ओळ जरा खाली, माझ्या गळ्याला झेपेल अशी उचलली. भर लादिनीत चाल उतरवताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. तिसऱ्या ओळीला मी बऱ्यापैकी आले. दहाव्या ओळीला मला वडिलांची आठवण आली आणि माझा आवाज फुटला, पण जबाब चुकला नाही. आई थांबली नाही, घाईही केली नाही. मला ज्या गोष्टीचा राग होता ती बदलली नव्हती, वडील काही परत आले नव्हते. तरी समोर माझी आई मागत होती आणि तिला जबाब देणारी मी एकटीच होते. एकटीच असल्यावर गप्प राहता येत नाही.

मधेच त्या मुलीने हात वर केला. अपलोडचा वेग पडत होता. आम्ही म्हणत राहिलो. तिने चित्र बंद केलं, नुसता आवाज ठेवला, आणि आवाजाचाही बिटरेट उतरवला, म्हणजे दर सेकंदाला जाणारा ऐवज कमी केला. मग अंगठा दाखवला. खाली कुणाला काही कळलं नाही, दोणीत अर्धं मिनिट शिल्लक होतं.

शेवटची ओळ झाली. शेवटचा जबाब दिला. त्या मुलीने माइक बंद केला आणि आधी धावत जाऊन खिडकी उघडली, कारण आता जीव जायची वेळ आली होती.

आणि खालून आईचा आवाज आला. तीच ओळ, जी ती मघाशी म्हणून बसली होती. तिच्यामागे माझा आवाज, आणि माझ्यावरून वाहत आलेला साऱ्या वाडीचा, मुंबईकरांचा, पोरांसोरांचा जबाब. खाली लादीन अजून चालू होती. आमची संपली होती, त्यांची अर्धा मिनिट उरली होती.

आई ऐकत राहिली. चाळीस वर्षं ती सगळ्यांच्या पुढे, खुरसाकडे तोंड करून उभी होती. जबाब नेहमी तिच्या पाठीवर आला. पुढची ओळ उचलायची असल्यामुळे तो पुरता ऐकायला तिला कधी सवड मिळाली नव्हती. "इतकी माणसां आसत?" ती म्हणाली.

खालून तिच्याच आवाजात पुढची ओळ आली. आणि जबाबाच्या जागी माझ्या आईने, अंथरुणात बसल्या बसल्या, जबाब दिला. जमावातली एक बाई देते तसा, साधा. मग तिने माझा हात धरला आणि मान हलवून मला खुणावलं, म्हण. उरलेल्या तीन-चार ओळींना आम्ही दोघींनी मिळून जबाब दिला, आणि ती वरच्या वाडीतली मुलगी खिडकीपाशी डोळे पुसत उभी होती. तिचे आभार मी अजून धड मानलेले नाहीत, ते इथे मानते.

खालची शेवटची ओळ संपली. आईने माझा हात सोडला नाही.

"माझो आवाज बरो आसा," ती म्हणाली. "तुझो मोठो आसा. माका पाठीमागे तोच व्हयो होतो."