शेवंतीचे चणे कोण खातं?

जरीपटका भागात लग्न असलं की नवरदेवाची घोडी रुपरावाची. पांढरीशुभ्र, नाव शेवंती. बँडचा दणका आणि पायाशी फुटणारे फटाके यांच्यामधून ती अशी चालायची, की घाबरलेला नवरदेवही ताठ बसायचा. रुपराव मात्र वरातीत कधी पुढं चालला नाही. पुढं चाललं तर मागचं कसं दिसणार? झुलीवरचे आरसे कोण उपटतंय, यावर त्याचा डोळा असायचा. कोथिंबिरीची जुडी तो सोडून पाहायचा, दूध मापात दोनदा ओतायला लावायचा, आणि जावयानं वाकून नमस्कार केला की याला काय हवं असेल, या विचारात पडायचा. बायको प्रेमिला सगळ्यांना सांगायची, "आमच्या लग्नात यायनं अंतरपाटाच्या खालून डोकावून पाह्यलं, पोरगी बदलली तं नाही म्हून."

अशा या माणसाचा एकाच माणसावर विश्वास होता, तो धोंडबावर. शेवंती शिंगरू होती तेव्हापासून तिला खाऊ घालणं, खरारा करणं, वरातीत लगाम धरणं, सगळं धोंडबाकडे. रुपरावाच्या घरी जागा कमी, म्हणून घोडी बांधलेलीही धोंडबाच्याच अंगणात असायची.

यंदा आषाढात मुहूर्त संपले. रुपरावानं शेवंतीची पाठ थोपटली आणि हाताला बरगड्या लागल्या. सगळा उन्हाळा वराती वाहिलेली घोडी थोडी उतरणारच, पण रुपरावाच्या मनात पाल चुकचुकली. रोज भिजवलेले चणे जातात कुठं? धोंडबाच्या अंगणातल्या कोंबड्या त्याला एकाएकी फार गुबगुबीत दिसू लागल्या.

मनात ठेवेल तर तो रुपराव कसला! बँडवाल्याच्या दुकानात, चार जणांसमोर त्यानं विचारलं, "चणे घोडीले देतं का तुह्या कोंबड्यायले, धोंडबा?"

बँडवाले हसले. धोंडबा हसला नाही. "मी तिच्या तोंडचं काढीन का गा, रुपराव?"

"मंग ते वाळून काहून राहिली?"

धोंडबा खांद्यावरचं फडकं झटकून निघून गेला आणि रुपरावाला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी त्यानं घोडी सोडली आणि बळीराम गवळ्याच्या म्हशींच्या गोठ्यात नेऊन बांधली. धोंडबा दारात उभा होता, पण त्यानं अडवलं नाही. गोष्ट बाजारभर झाली. दुसऱ्या घोडीवाल्यांनीही धोंडबाला दारात उभं केलं नाही. पुढं कानावर आलं, की तो हिंगण्याला एका कारखान्याच्या गेटवर चौकीदार म्हणून लागला.

आता चणे रुपराव स्वतः घालू लागला. पेटीला कुलूप, चावी करगोट्याला. शेवंती चाटूनपुसून खायची आणि तरी वाळायची. मधेच अंग तापायचं, मधेच उतरायचं. पाय सुजले, पोटाखाली सूज लोंबू लागली. रुपरावानं आधी बळीरामला धरलं. त्याच्या म्हशी तुकतुकीत होत्या, कासंडी भरून दूध देत होत्या, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. मग तो घोडीचं खाणं संपेपर्यंत समोरच ठाण मांडून बसू लागला. तरी ती वाळलीच, तेव्हा त्यानं चण्यांचं दुकान बदललं. मग कुलपाला दुसरी चावी असते हे आठवून दोन दिवस प्रेमिलाशी बोलला नाही.

"आता चणे मी खातो म्हना," प्रेमिला भडकली. "डॉक्टरले दाखवा ना एकदाचं!"

पण फिरून फिरून त्याचं मन धोंडबापाशीच यायचं. त्यानंच जाता जाता घोडीला काही चारलं असणार. घोडी मरावी आणि रुपरावाचं नाक कापलं जावं, असा त्याचा डाव असणार. अशातच एका सकाळी शेवंती खाली बसली ती उठेचना. तेव्हा मात्र रुपरावानं जनावरांच्या दवाखान्यात निरोप धाडला. ही घोडी गेली तर आपण रडायचं तरी कुणापाशी, हे त्याला कळेना.

जनावरांची डॉक्टर नंदिनी आली. रुपरावानं तिला आधीच बजावलं, "विष हाये. फकस्त कोनतं ते सांगा." तिनं शेवंतीच्या कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेतला. दवाखान्यात नेऊन काचेवर पसरला, पाहिला आणि सोबत आलेल्या रुपरावाला म्हणाली, "बघा काका."

त्यानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. रक्ताच्या गोल पेशींमध्ये डबक्यातल्या अळ्यांसारखं काहीतरी वळवळत होतं.

"कोनं टाकलं हे?"

"कुणी नाही टाकलं. हा रक्तातला परजीवी आहे. सर्रा म्हणतात या आजाराला."

"मंग चणे कोन खाते?"

नंदिनीला हसू आलं, पण तिनं नीट सांगितलं. "चणे शेवंतीच खाते. त्यातूनच तिच्या रक्तातली प्रथिनं बनतात. त्यातलं एक प्रथिन लोह वाहून नेतं. या जंतूला लोहाशिवाय वाढताच येत नाही, म्हणून तो लोहासकट ते प्रथिन गिळतो आणि एकाचे दोन, दोनाचे चार होत जातो. तिचं रक्त असं खंगत जातं. प्रथिनं घटली की पाणी खाली उतरतं, म्हणून ही सूज. तुम्ही पेटीला कितीही कुलपं लावा."

रुपराव जरा मागं सरकला. "मले तं नाही ना लागनार?"

"बहुतेक नाही. माणसाच्या रक्तात एक वेगळं प्रथिन असतं. तेही हा खाणं समजून गिळतो आणि मरतो."

"मंग हिच्या अंगात आला कुठून?"

"चावऱ्या माश्यांमधून. म्हशींच्या रक्तात हा गुपचूप राहतो, त्यांना फारसं काही होत नाही. माशी तिथून उठते आणि घोडीला चावते. गोठ्यात कधीपासून आहे ही?"

"आषाढापासून."

"त्याआधी जिथं होती तिथं म्हशी होत्या?"

"कोंबड्या होत्या," रुपराव म्हणाला आणि त्याला स्वतःची अशी शरम वाटली की त्यानं पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो उचललाच नाही.

नंदिनीनं गोठ्यात परत येऊन इंजेक्शन दिलं. औषध आपलं काम करेल, पण घोडीला कूस बदलून द्यायला आणि हातानं भरवायला तिच्या ओळखीचं माणूस हवं, असं तिनं बजावलं.

रुपरावानं मोटारसायकल काढली आणि हिंगणा गाठलं. गेटवर धोंडबा ढगळ वर्दीत उभा होता. वाटेत जुळवलेलं सगळं रुपराव विसरला. "चुकलो गा, धोंडबा. मीच तिले म्हशीत नेऊन मारलं."

"मेली?" धोंडबानं मोटारसायकलचं हँडल धरलं.

"नाही. बसली हाये, उठत नाही."

धोंडबानं शिट्टी सोबतच्या चौकीदाराच्या हातात दिली आणि मागं येऊन बसला. गोठ्यात त्यानं शेवंतीचं डोकं मांडीवर घेतलं आणि चण्याचं पीठ कालवून तळहातावर चाटवलं. असे कितीतरी दिवस गेले. शेवटी एकदा ती थरथरत उभी राहिली, आणि रुपराव बळीरामच्या म्हशींसमोर हमसून हमसून रडला.

"चाल, आता तिले तुह्याच अंगनात बांधू," तो म्हणाला.

"नको," धोंडबा म्हणाला. "तुह्या दारात बांध. तुह्या डोळ्यासमोर राहू दे."

आता शेवंती रुपरावाच्या दारात असते आणि मोटारसायकल रस्त्यावर. अंग भरलंय तिचं. धोंडबा सकाळी येतो, सगळं पूर्वीसारखंच करतो. फक्त संध्याकाळी घरी निघताना उंबऱ्यापाशी थांबतो आणि पँटचे दोन्ही खिसे उलटे काढून दाखवतो. त्यात राग नसतो, टोमणा नसतो. रुपरावानं हात जोडून पाहिले, एकदा तर ओरडूनही पाहिलं.

"राहू दे गा," धोंडबा म्हणतो. "तुले बरी झोप लागते."

रुपराव मान फिरवतो. पण फिरवण्याआधी त्याची नजर एकदा त्या खिशांवरून जातेच, आणि ती गेलेली धोंडबाला दिसते.