जांघेतली कळ आणि गुडघ्याचा लेप

दीड वर्ष मी उजव्या गुडघ्याला लेप लावून घेतला, आणि गुडघा माझा कधीच दुखत नव्हता. आज सांगताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

निजामाचं राज्य होतं. कमलनगरच्या अलीकडच्या आमच्या गावात एक तालीम होती आणि मी तिथला बऱ्यापैकी पैलवान होतो. दुखत होती जांघ. मांडीच्या मुळाशी, लंगोटाची पट्टी बसते तिथंच. पाय फाकवून डाव टाकला की कळ यायची, अंथरुणात कूस बदलली तरी यायची.

मग जांघ का नाही सांगितली? कारण आमच्या तालमीत पैलवानाची जांघ दुखली की एकच अर्थ निघायचा: गडी लंगोटाचा कच्चा, चोरून बाईकडे जातो. वस्ताद असल्या गड्याला काही विचारत नसत. त्याचा लंगोट खुंटीवरून काढून उंबऱ्याबाहेर ठेवत. निंबर्ग्याच्या एका गड्याचा असा ठेवलेला मी पाहिला होता. तो लंगोट उचलून निघून गेला. मी तर आडावरच्या पोरींकडे मान वर करूनही बघत नव्हतो, पण हे पटवणार कुणाला? म्हणून गुडघा सांगितला. गुडघा आमच्याकडे मानाचा होता. खुद्द वस्तादांनी ऐन भरात कुस्ती सोडली ती गुडघ्यामुळेच.

वस्तादांनी जीव लावला. स्वतः हळद उगाळून लेप द्यायचे, आणि गुडघ्यात बळ यावं म्हणून बैठका वाढवायचे. बैठका वाढल्या तशी जांघ पेटत गेली. कालची पोरं मला चीत करू लागली. कुस्ती हातची जाणार, या भीतीनं मला जेवण जाईना.

शेवटी चुलत्यानं मला नौबादच्या एका म्हाताऱ्या हकीमाकडे नेलं. हा गृहस्थ पूर्वी रिसाल्यातल्या घोडेस्वारांची दुखणी बघायचा. त्यानं गुडघा दाबून पाहिला, वाकवून पाहिला आणि सोडून दिला. मग मला उताणं निजवून माझ्या दोन्ही गुडघ्यांमध्ये आपली मूठ धरली.

"आवळ."

मी आवळलं आणि ओरडलो. माझा हात आपोआप जांघेवर गेला. हकीम त्या हाताकडे बघत राहिला. मग मला उभं करून, खोकायला लावून त्यानं अंतर्गळ नाही याची खात्री करून घेतली.

"मांडीची आतली शीर हाडाला धरती, तितं वढली गेलीय," तो म्हणाला. "घोड्यावर मांड आवळून आवळून सवारांचं असंच व्हतंय."

मी खाली मान घालून म्हणालो, "लोक दुसरंच म्हणत्यात."

"रिसाल्यात कितीतरी सवार लंगडायचे. सगळेच का बाईकडं जायलते?"

त्यानं पथ्य सांगितलं: चोळणं बंद, ताणणं बंद, कुस्ती आणि बैठका बंद. घोंगडीची वळकटी गुडघ्यांत धरून सोसेल तेवढीच आवळायची, रोज थोडी जास्त. तीन-चार महिन्यांत मी बरा झालो, हे आत्ताच सांगून टाकतो. पण त्याआधी बैठका थांबवायच्या तर वस्तादांना खरं सांगणं भाग होतं.

दोन दिवस मी तोंड चुकवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी वस्ताद एकटेच कुस्तीच्या हौदातली माती खणत होते.

"वस्ताद, गुडघा न्हाई. जांघ दुखायलीय. पहिल्यापासून."

त्यांनी फावडं थांबवलं. खुंटीवरच्या माझ्या लंगोटाकडे पाहिलं. 

"कामून लपवलास?"

"तुमी हाकललं असतं. आता नौबादच्या हकीमानं बघितलंय, शीर वढली गेलीय म्हणतोय."

ते हौदाच्या काठावर बसले. हकीमानं काय केलं ते दाखव, म्हणाले. मी सगळं सांगितलं, तिथल्याच घोंगडीची वळकटी करून त्यांच्या गुडघ्यांत दिली आणि आवळा म्हणालो. त्यांनी आवळली. तोंडातून आवाज निघाला नाही, पण हात जांघेवर गेला.

मला त्यांची इतकी कीव आली की मी दुसरीकडे बघू लागलो. 

मग ते म्हणाले, "त्या निंबर्ग्याच्या गड्याचं घर ठावं हाय का रे तुला?"