वकीलभाऊंच्या कोटातलं लिंबू

भिंगारदिवे वकील गेल्याचं मला सुप्याच्या एसटीत कळलं. तिकीट फाडता फाडता कंडक्टर म्हणाला, "ताई, तुमचे वकीलभाऊ गेले की काल." कारखान्याच्या फाट्यावर उतरले, आणि नेमका त्याच घडीला मला एसटीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून बसलेला त्यांचा अवतार आठवला. भर रस्त्यात हसू फुटलं मला.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. मी मुलीला घेऊन माहेरी पारनेरला आले होते, सुप्याच्या कारखान्यात नुकतीच चिकटले होते. तिकडे नवऱ्यानं जामखेडच्या कोर्टात दावा ठोकला, की ही घर टाकून पळाली. त्याचं घर कोर्टासमोरच. मी मात्र पारनेरहून नगर, नगरहून जामखेड, कडेवर पोर. आणि पोचावं तर पुढची तारीख पडलेली. सुपरवायझरनं बजावलं, आता खाडा झाला तर येऊच नका. तारीख चुकवावी तर निकाल एकतर्फी. नोकरी राखू की अब्रू, काही सुचेना.

वकीलभाऊ म्हणाले, "दावा पारनेरला आनता येतो. जिल्हा कोर्टाला अधिकार हाय तो. घटनेत समान लिहिलंय, ते काय भिंतीवर लावायला? एकानं चालत यायचं अन् एकीनं दिवसभर हाडं खिळखिळी करीत, ह्याला समान म्हनत्यात व्हय?" पण अर्ज लिहायच्या आधी पक्षकाराच्या वाटेनं स्वतः जाऊन यायचं, ही त्यांची रीत. निघताना वहिनी हळूच मला म्हणाल्या, "नेतेस खरी, पण ह्यांना गाडी लागते हं."

नगर सुटलं आणि भाऊ हिरवेपिवळे. माझी पोर राहिली बाजूला, सगळी गाडी वकिलांच्या सेवेला. शेवटी मी पिशवीतलं लिंबू दिलं, ते जामखेडपर्यंत नाकाला धरून बसले. उतरल्यावर म्हणाले, "बाई, तू हे दर तारखेला करतीस?"

जिल्हा कोर्टात समोरचे वकील ऐटीत म्हणाले, "गाड्या आहेत की, अडचण कसली?" भाऊंनी कोटाच्या खिशातून तेच लिंबू काढून टेबलावर ठेवलं. "हे हुंगत एकदा जाऊन या, कडेवर पोर घेऊन. मी आलोय जाऊन." न्यायाधीशांनाही हसू आवरेना. दावा पारनेरला आला. मग मी दुपारपाळी मागून घेतली, सकाळी कोर्टात उभी राहायचे. दावा जिंकले, नोकरीही टिकली. पोरगी शिकली ती त्याच पगारावर.

परवा वहिनींना भेटायला गेले. कोट खुंटीलाच होता. वहिनी म्हणाल्या, "बघ खिशात. तेव्हापासून लिंबाशिवाय घरातून हलले नाहीत. कुणाची तरी तारीख लांब निघायचीच." आत सुकून काळं पडलेलं लिंबू निघालं. आधी हसलो दोघी, मग रडलो.

ते काढून मी माझ्या पिशवीतलं ताजं लिंबू खिशात घातलं. एवढ्या लांबच्या वाटेला निघालेत, आणि गाडी लागते त्यांना...