नऊ सेकंद मागे

तिच्याबद्दलची पहिली चौकशी मी बातमीसाठी केली. एक बाई आधी बोट वल्हवायची, आता तिला दिसत नाही आणि ती दोघांची सायकल चालवते, एवढंच कळलं होतं. ती दिल्लीतल्या द्वारकेत माझ्यापासून दोन सेक्टर पलीकडे राहायची. वडील लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, घरी मराठी. बातमी छापून आल्यावर आठवडाभराने तिचा फोन आला. तिच्या पुढे बसणारी मैत्रीण बदली होऊन गेली होती.

"ताई, कॉलेजात सायकलच्या शर्यती केल्यात म्हणालात ना? मग चलो."

अशी मी टँडेमवर आले. या सायकलला सीट दोन आणि हँडल दोन, पण वळतं ते पुढचंच. ब्रेक, गिअर, घड्याळ सगळं पुढे. पेडलं मात्र साखळीने एकमेकांना जोडलेली, एकीने पाय थांबवले की दुसरीचेही थांबतात.

पहिल्याच सकाळी बुटांचे पट्टे ओढता ओढता तिने माझी चूक सांगितली. दृष्टी गेल्यामुळे बोट सुटली, असं मी लिहिलं होतं. नजर विशीपासून कडेकडून कमी होत गेली हे खरं, पण बोट सुटली ती मणक्याच्या दुखण्याने. डॉक्टरांनी वल्हं बंद केलं होतं. मी कारण गृहीत धरलं होतं, विचारलं नव्हतं.

म्हणून पुढचा प्रश्न विचारूनच घेतला. रस्ता दिसत नसताना या वेगात मागे बसवतं कसं?

"बोटीत आम्ही उलटेच बसायचो, ताई. जायचं त्या दिशेला पाठ. दिसत होतं तेव्हाही कुठे चाललोय ते मी कधी बघितलं नाही. सुकाणूवाली सांगायची, आम्ही ओढायचो."

सुरुवातीला मी तिला सगळंच सांगत असे. "डावीकडे एक ऑटो उभी आहे, तिच्या पुढे बहुतेक..."

"ताई, बातमी नको. हेडलाइन द्या."

मग पाच शब्द ठरले: खड्डा, ब्रेकर, डावं, उजवं, थांब.

आमच्या सायकल क्लबकडे टँडेम एकच होती. हिवाळा संपताना निवड चाचणी होती. दहा किलोमीटर सोळा मिनिटांच्या आत पार केले तर दिल्लीच्या संघात जागा, नाहीतर सायकल रांगेतल्या दुसऱ्या जोडीकडे. ती चौतीस वर्षांची होती. बोट आधीच गेली होती. सायकलही गेली तर सराव करायला तिच्याकडे काही उरणार नव्हतं.

निम्म्या अंतरावर वेळ सांगणं माझं काम. सरावाच्या एका सकाळी आम्ही बावीस सेकंद मागे होतो. ती खचू नये म्हणून मी म्हणाले, "वेळेत आहोत."

उतरल्यावर ती आधी पाणी प्यायली. मग म्हणाली, "पाय मिनिटाला शहाऐंशी वेळा फिरत होते. नव्वद लागतात. वेळेत कशा असू?"

"तू मोजत होतीस?"

"आठ वर्षं वल्ह्याचे फटके मोजलेत. आता पाय आपोआप मोजतात. वाटलं, तुम्ही गिअर बदलला असेल. घड्याळ तुमच्यापुढे, म्हणून तुमचं खरं धरलं." बुटांचे पट्टे सोडत ती म्हणाली, "यार ताई, पेपरात पण असंच लिहिता? मागे आहोत म्हणालात तर मी जोर लावते. वेळेत म्हणालात तर शेवटासाठी राखून ठेवते. आज ती ताकद तशीच घरी नेतेय."



चाचणी रविवारी सकाळी होती, नोएडाच्या बाजूला, वाहतूक बंद केलेल्या सर्व्हिस रोडवर. तिचे वडील चहाचा थर्मास घेऊन आले होते. "मॅडम, आज खरं छापा," ते म्हणाले. म्हणजे घरी सांगून झालं होतं.

जाताना वारा समोरून होता. निम्म्यावर सायकल वळवली आणि घड्याळ पाहिलं. मागे तिला धाप लागलेली ऐकू येत होती.

"नऊ सेकंद मागे."

 तिने विचारलं, "गिअर?"

"तोच."

"दहा," ती म्हणाली. बोटीतली सवय. दहा फटके पूर्ण जोराने, मग पुढचे दहा. पेडल माझ्या पायांना ओढून न्यायला लागलं. दहा संपले की ती पुन्हा "दहा" म्हणायची. शेवटी शेवटी आवाज निघेना, तेव्हा नुसताच एक हुंकार यायचा. त्यानंतर रेषेपर्यंत मी दोनच शब्द बोलले, ब्रेकर आणि डावं.

रेषेपलीकडे सायकल थांबली. ती हँडलवर डोकं टेकून उभी होती.

"किती?"

वडील जवळ आले होते, पण तेही माझ्याकडेच पाहत होते.

"पंधरा मिनिटं अठ्ठावन्न सेकंद."

"नक्की? की मी खचू नये म्हणून?"

वडिलांनी चहा ओतून पुढे केला. तिने कप हातात घेतला, पण ती प्यायली नाही. भोंग्यावर आधी दुसऱ्या क्लबच्या जोडीची वेळ सांगितली, मग आमची. आकडा तोच होता.

मग ती चहा प्यायली. "गार झाला, बाबा," ती म्हणाली.