उद्या काय चुकायचं?

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या एका लॉजवर, बनियनवर बसून, मोबाईलवर मालिका बघत होतो. सकाळची वेळ. फोन दाजींचा, म्हणजे आक्काच्या यजमानांचा. ‘पाव्हणं, या आता सावकाश,’ एवढंच म्हणाले. दवाखान्यातून कुणी ‘सावकाश या’ म्हटलं की काय समजायचं ते मला समजलं. फोन ठेवला तसा थांबलेला भाग आपोआप पुढं सुरू झाला, आणि मी तो शेवटपर्यंत बघितला... आक्काला सांगायचा होता ना.

आक्का माझी थोरली बहीण. नांदेडहून निलंग्याला तिच्याकडं गेलो की दिवसभर मी लाडका पाहुणा, आणि संध्याकाळी सात वाजता घरातली अडचण. गल्लीतल्या बाया निवडायची मेथी घेऊन तिच्या टीव्हीपुढं जमायच्या. मालिकेतली केतकी ही गरीब सून आणि मंदाकिनी ही तिची छळणारी जाऊ. मंदाकिनी दिसली की समद्या मिळून बोटं मोडायच्या. केतकीवर चोरीचा आळ आला त्या दिवशी आक्कानं मीठ-मिरच्या घेऊन चक्क टीव्हीची दृष्ट काढली. मिरच्या जाळल्यावर ठसका लागला नाही तर दृष्ट खरी, असा हिशोब. बायांपैकी कुणालाच ठसका लागला नाही. मी एकटाच खोकून खोकून बेजार. ‘तू मंदाकिनीच्या पार्टीचा हायेस,’ आक्का म्हणाली आणि पुढचे दोन दिवस मला चहा गोड मिळाला नाही.

मी शहाणपणा केला नाही असं नाही. ‘अगं, ती बाई रडायचे पैसे घेते,’ असं एकदा सांगून बघितलं. ‘मला काय कळत न्हाई व्हय?’ ती म्हणाली. ‘तिला रडायचं काम दिलंय. मग तिच्या बाजूनं कुणी बोलायचं का न्हाई?’ आणि ते बोलणं तिनं माझ्याकडून मोबाईलवर लिहून घेतलं, भागाखालच्या प्रतिक्रियांमध्ये, माझ्या नावानं. ‘मंदाकिनी, तुझ्या तोंडात माती पडंल.’ माझ्या हापिसातल्या लोकांनी ते वाचलं. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत मला तिथं मंदाकिनीच म्हणत.

मग आक्काच्या फुप्फुसांनी दगा दिला आणि तिला लातूरच्या दवाखान्यात आणलं. ती डोळे मिटून पडलेली, लेकरांच्या हाकेलाही ओ देईना. डॉक्टर म्हणाले, ‘बोलतं ठेवा त्यांना.’ आत एकालाच सोडायचे, मोबाईल बाहेर ठेवून. मी आत गेलो, आणि जन्मभर बडबडलेल्या माणसाला एक शब्द सुचेना. शेवटी म्हणालो, ‘आक्का, काल केतकीला सासूनं घराबाहेर काढलं.’

मास्कच्या आतून बारीक आवाज आला. ‘सासू न्हाई रे. जाऊ.’

मी बाहेर पळत आलो तो दाजींच्या गळ्यातच पडलो. त्या दिवसापासून आमचा धंदा ठरला. सकाळी मी भाग बघायचा, मग बाकड्यावर बसून आम्ही दोघं म्हातारे खलबत करायचो. दाजी गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, ‘पाव्हणं, उद्या काय चुकायचं?’ मी केतकीचं माहेर बदललं, नवरा बदलला, मेलेल्या सासऱ्याला जिवंत करून जेवायला बसवलं. ‘त्यो मेलाय की, येड्या,’ आक्का म्हणायची. येड्या ऐकलं की दाजी त्या दिवशी पोटभर जेवायचे. पण तिची वाक्यं आखूड होत चालली. मग नुसतं ‘न्हाई’ उरलं. मग नुसती मान हलायची. मी आणखी मोठ्या चुका शोधू लागलो, बुडत्यानं पाण्यात हात मारावेत तसं.

शेवटच्या भेटीत मी हद्द केली. तिच्या कानाशी वाकून सांगितलं, ‘आक्का, मंदाकिनी लई चांगली बाई निघाली. सगळी चूक केतकीचीच होती.’ आणि थांबलो. शिवी यावी म्हणून अक्षरशः हात जोडून थांबलो... तिनं डोळे उघडले, माझ्याकडं बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, ‘आसंल, बाबा.’

बाहेर आल्यावर दाजींनी विचारलं, ‘बोलली का?’ मी म्हणालो, ‘हाव, बोलली.’ काय ते त्यांनी विचारलं नाही.

ह्याला आता काही आठवडे झाले. लेकरं आपापल्या कामाला परत गेली. मी निलंग्यालाच आहे, दाजींना एकटं सोडवत नाही. गल्लीतल्या बाया सातला येतात, दारातूनच आमच्याकडं बघतात आणि परत जातात. आम्ही दोघं टीव्ही लावून बसतो. मालिकेत गेल्या आठवड्यात एक नवीन बाई आलीय, कपाळाला मोठं कुंकू, हसरी. दाजी रोज मला विचारतात, ‘पाव्हणं, ही चांगली का वाईट?’ आक्कानं नुसता तिचा पदर बघून पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. मला काही सांगता येत नाही. ती बाई हसते, आणि आम्ही दोघं तिच्याकडं बघत बसतो.